दोन स्पीकर, दोन कान आणि चार भिंती

माझे एक ज्येष्ठ स्नेही माध्यमिक शाळेत तीसेक वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मी त्यांचा विद्यार्थी, त्यामुळे आजही मी त्यांना ‘सर’च म्हणतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून सरांनी अनेक वर्षे मनात असलेली एक हौस पुरवली. शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी त्यांनी चांगला स्टिरिओ संच घेतला. काही महिन्यांनी भेट झाली तेव्हा मात्र ते उदास होते. म्हणाले, “अरे, कानच गेले असावेत माझे. गाणारा कुठे बसला आहे ते कळत नाही, आणि डग्गा मात्र खोलीभर घुमत राहतो. संच उत्तम आहे असे सगळे म्हणतात. म्हणजे दोष माझ्यातच!” तो संच भाच्याला देऊन टाकावा असे त्यांच्या मनात चालले होते.

मी घरी जाऊन पाहिले. बारा फूट लांब, दहा फूट रुंद अशी साधी खोली. एक स्पीकर कपाटाशेजारच्या कोपऱ्यात, जमिनीवर. दुसरा शोकेसच्या माथ्यावर, छताजवळ. सरांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली. शिवाय एका स्पीकरच्या लाल आणि काळ्या वायरी उलट जोडलेल्या. तासाभरात आम्ही दोघांनी सामान हलवले, वायरी सरळ केल्या आणि तीच तबकडी पुन्हा लावली. एक पैसा खर्च झाला नव्हता. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. एक बाजू संपल्यावर त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. “आता मला सांग,” ते म्हणाले, “यंत्र तेच, कान तेच. मग बदलले काय?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. स्पीकर कुठे ठेवावा हा प्रश्न घरगुती वाटतो, पण त्याचे उत्तर ऑपेरा, बागेतील हिरवळ, चित्रपटगृह आणि कॉलेजचे व्याख्यानगृह अशा निरनिराळ्या ठिकाणांहून तुकड्यातुकड्यांनी मिळाले आहे.

पॅरिस, १८८१

ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. त्यानंतर पाचच वर्षांनी पॅरिसमध्ये विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला टेलिफोनचे अनेक मायक्रोफोन बसवले आणि तेथून सुमारे दोन किलोमीटर दूर असलेल्या प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत तारा नेल्या. प्रत्येक श्रोत्याला दोन रिसीव्हर दिले जात, एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्या. डावा रिसीव्हर रंगमंचाच्या डाव्या बाजूच्या मायक्रोफोनला जोडलेला असे आणि उजवा उजव्या बाजूच्या.

श्रोते चकित झाले. गाणे ऐकू येत होतेच, पण गायक रंगमंचावर कुठे उभा आहे आणि कोणत्या बाजूला चालला आहे तेही समजत होते. एक रिसीव्हर कानापासून दूर केला की ही जाणीव नाहीशी होई. पुढे १८९० पासून ‘थिएट्रोफोन’ नावाने हीच सोय वर्गणी भरणाऱ्यांना मिळू लागली आणि ती १९३२ पर्यंत चालू राहिली.

आदेरच्या व्यवस्थेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डाव्या रिसीव्हरचा आवाज फक्त डाव्या कानाला आणि उजव्याचा फक्त उजव्या कानाला मिळत होता. आजचा हेडफोनही असाच असतो. श्रोता आणि यंत्र यांच्यामध्ये खोली नव्हती, म्हणून ‘यंत्र कुठे ठेवावे’ हा प्रश्नही नव्हता.

हिरवळीवर डोळे मिटून उभे राहिलेले रॅले

मुळात आवाजाची दिशा आपल्याला कळते कशी? या प्रश्नाचा नीट पाठपुरावा इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांनी केला. १८७० च्या दशकात ते आपल्या बागेतील हिरवळीवर डोळे मिटून उभे राहत. भोवती निरनिराळ्या ठिकाणी उभे असलेले सहकारी बोलत किंवा नादकाटे वाजवत, आणि आवाज कोणत्या दिशेने आला ते रॅले सांगत. डावे-उजवे सहज ओळखता येई. शुद्ध नाद असेल तर पुढचे आणि मागचे मात्र ओळखता येत नसे.

पहिला तर्क असा होता की डोके मध्ये आल्यामुळे दूरच्या कानाला आवाज कमी पोचतो, आणि त्या फरकावरून दिशा कळते. हा तर्क उंच स्वरांच्या बाबतीत बरोबर आहे. ५००० हर्ट्झच्या नादाची तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर असते. त्याच्या मानाने डोके मोठे असते आणि त्याची सावली पडते. पण १०० हर्ट्झच्या नादाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर! असा तरंग डोक्याला वळसा घालून सहज पलीकडे जातो आणि दोन्ही कानांना जवळपास सारखाच ऐकू येतो. तरीही खालच्या स्वरांची दिशा आपल्याला कळते. ती कशी?

रॅले यांनी १९०७ साली याचे उत्तर दिले. खालच्या स्वरांच्या बाबतीत कान तीव्रतेतला फरक वापरत नाहीत, ते वेळेतला फरक वापरतात. तरंगाचा माथा जवळच्या कानाशी आधी पोचतो आणि दूरच्या कानाशी किंचित उशिरा. आवाज अगदी बाजूने आला तरी हा फरक सुमारे ०.७ मिलिसेकंदांपेक्षा अधिक नसतो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ, आणि आपली श्रवणयंत्रणा तो ओळखते.

चित्रपटगृहातील तक्रार

आता १९३१ सालात येऊ. बोलपट नुकतेच आले होते. ॲलन ब्लमलाइन हे कोलंबिया ग्राफोफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे अठ्ठावीस वर्षांचे विद्युत अभियंते. त्या कंपनीचे त्याच वर्षी विलीनीकरण होऊन ‘ईएमआय’ ही कंपनी झाली. ब्लमलाइन पत्नीबरोबर चित्रपटाला गेले असता त्यांना एक गोष्ट खटकली, अशी हकीकत सांगितली जाते. पडद्यावरचा माणूस उजवीकडे असला तरी त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून, एकाच स्पीकरमधून येत होता. आवाजाने माणसाच्या मागे जायला हवे, आणि ते कसे करायचे ते आपल्याला माहीत आहे, असे ते म्हणाले.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९३३ साली मंजूर झालेल्या या ३९४३२५ क्रमांकाच्या ब्रिटिश पेटंटमध्ये आजच्या स्टिरिओची बहुतेक सर्व तत्त्वे आहेत. ग्रामोफोनच्या एकाच खाचेच्या दोन उतरत्या बाजूंवर दोन वेगळे आवाज कोरण्याची कल्पनाही त्यात आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हेडफोनमध्ये एका कानाला एकच आवाज मिळतो. खोलीत दोन स्पीकर ठेवले की डाव्या स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना पोचतो आणि उजव्याचाही. मग आदेरची युक्ती इथे चालेल कशी?

समजा, दोन्ही स्पीकरमधून एकच खालचा स्वर एकाच क्षणी निघाला, पण डाव्यातून थोडा जोरात. डाव्या कानाशी डाव्या स्पीकरचा तरंग आधी येतो, उजव्या स्पीकरचा किंचित उशिरा, आणि दोन्ही तरंगांची बेरीज होते. उजव्या कानाशी याच्या उलट क्रमाने बेरीज होते. डाव्या स्पीकरचा वाटा मोठा असल्यामुळे डाव्या कानातल्या बेरजेचा माथा उजव्या कानातल्या माथ्याच्या थोडा आधी येतो. म्हणजे स्पीकरमध्ये फक्त जोराचा फरक ठेवला, तर कानांपाशी तो वेळेचा फरक होऊन पोचतो! रॅले यांनी सांगितलेली खूण मेंदूला मिळते आणि त्याला वाटते, गाणारा मध्यापासून थोडा डावीकडे बसला आहे. तिथे प्रत्यक्षात काहीच नसते.

दोन्ही स्पीकरचा आवाज सारखाच असेल, तर गाणारा बरोबर मधोमध दिसतो, म्हणजे कानांना ‘दिसतो’. पण हे सारे केव्हा घडते? श्रोता दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर असेल आणि दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे जात असतील तेव्हाच. सरांच्या घरी एका स्पीकरच्या वायरी उलट होत्या. एक पडदा पुढे येई तेव्हा दुसरा मागे जाई. दोन तरंगांचे माथे जुळण्याऐवजी एकाचा माथा दुसऱ्याच्या खळग्यावर पडत होता. त्यामुळे मधोमध बसायला हवा असलेला गायक कुठेच बसेना.

ब्लमलाइन यांनी १९३४ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाची तालीम स्टिरिओत ध्वनिमुद्रित केली. १९३५ मध्ये हेज स्थानकातील आगगाड्यांचा छोटा चित्रपटही घेतला, ज्यात गाडीबरोबर तिचा आवाजही पडद्यावर सरकतो. पण कंपनीला याचा बाजार दिसला नाही आणि काम थांबले. ७ जून १९४२ रोजी विमानातील रडारची चाचणी घेताना झालेल्या अपघातात ब्लमलाइन गेले. वय ३८. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५७-५८ मध्ये. तोवर त्यांच्या पेटंटची मुदतही संपून गेली होती.

मोठे सभागृह आणि तिसरा स्पीकर

ब्लमलाइन लंडनजवळ काम करत होते त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेचे हार्वे फ्लेचर दुसऱ्या वाटेने याच प्रश्नाकडे आले. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद त्याच शहरात वाजत होता आणि त्याचे संगीत सुमारे दोनशे किलोमीटर दूर वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवले जात होते. वाद्यवृंदाचे नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाचे नियंत्रण करत होते. रिकाम्या रंगमंचावर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असे तीन स्पीकर होते.

दोनाऐवजी तीन का? सभागृहात सगळेच श्रोते मधोमध बसू शकत नाहीत. कडेला बसलेल्या श्रोत्याला दोन स्पीकरपैकी जवळचाच ऐकू आल्यासारखे वाटते. मधला स्पीकर ठेवला की मधला आवाज मध्ये टिकतो. चित्रपटगृहात संवादांसाठी पडद्यामागे मधला स्पीकर असतो त्यामागे हेच कारण आहे.

आधी येईल त्याची दिशा

जवळचाच स्पीकर का ऐकू येतो, याचे मोजमाप जर्मनीत गटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी केले. त्यांचा प्रबंध १९४९ चा आणि त्यावरचा लेख १९५१ चा. त्यांनी दोन स्पीकरमधून एकच भाषण ऐकवले, पण एकातून थोडे उशिरा. उशीर १ ते ३० मिलिसेकंदांच्या दरम्यान असला तर श्रोत्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. सारा आवाज आधी बोलणाऱ्या स्पीकरकडूनच आल्यासारखा वाटतो. दुसरा आवाज १० डेसिबलने अधिक असला तरीही! हा ‘हास परिणाम’.

शिक्षकांसाठी इथे एक टीप. शाळेत आपण सांगतो की आवाजाची जाणीव ०.१ सेकंद टिकते, म्हणून प्रतिध्वनी ऐकू येण्यासाठी अडथळा किमान १७ मीटर दूर हवा. हा ढोबळ नियम आहे. भाषणाच्या बाबतीत साधारण ५० मिलिसेकंदांचा उशीरही जाणवू लागतो आणि टाळीसारख्या तुटक आवाजाच्या बाबतीत त्याहून कमी.

आता हा नियम घरात लावू. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला त्याला जवळजवळ ०.९ मिलिसेकंद लागतात. श्रोता आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण केला आणि खुर्ची एक फूट डावीकडे सरकवली, तर दोन स्पीकरच्या अंतरांत सुमारे एक फुटाचा फरक पडतो. दोन्ही स्पीकर सारखेच वाजत असताना मधल्या गायकाला डाव्या स्पीकरमध्ये ढकलायला तेवढा उशीर पुरतो. स्टिरिओ ऐकण्यासाठी मध्यरेषेवर बसावे असे म्हणतात ते यासाठीच. त्रिकोण समभुज घ्यायचा, म्हणजे श्रोत्यापाशी दोन स्पीकरमध्ये ६० अंशांचा कोन ठेवायचा, हा आता आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. कोन फार मोठा केला तर मधला आवाज विरतो आणि दोन्ही बाजूंना आवाजाचे दोन ढीग पडतात. फार लहान केला तर सारी मैफल एका पाटावर बसल्यासारखी होते.

भिंती काय करतात?

इथवर आपण भिंती विचारात घेतल्या नाहीत. सरांच्या डग्ग्याचे कोडे मात्र भिंतींनीच घातले होते.

खोली हा श्रवणाचा भाग आहे हे प्रथम मोजून दाखवले हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनी. १८९५ साली तेथील फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात शिक्षकाचे बोलणेच विद्यार्थ्यांना समजेना. उच्चारलेला आवाज साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर पुढचे अनेक शब्द येऊन मिसळत. हे दुरुस्त करण्याचे काम या तरुण भौतिकीच्या अध्यापकाकडे आले. रात्रीच्या शांततेत, ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजण्याचे घड्याळ घेऊन, शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून आणि परत नेऊन, त्यांनी निनादकाळ मोजला. खोलीचे आकारमान जितके मोठे तितका निनाद अधिक टिकतो आणि शोषक पृष्ठभाग जितका जास्त तितका कमी टिकतो, हा त्यांचा नियम आजही वापरात आहे. नुसती फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत सतरंजी आणि जाड पडदे आल्याबरोबर शब्द स्पष्ट होतात, त्याचे गणित हेच.

पण खालच्या स्वरांवर सतरंजीचा फारसा परिणाम होत नाही. तिथे रॅले यांच्याकडे परत जावे लागते. ‘थिअरी ऑफ साउंड’ या १८७७-७८ च्या ग्रंथात त्यांनी बंद आयताकृती खोलीतील हवेची कंपने मांडली आहेत. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये बरोबर अर्धा तरंग बसेल अशा वारंवारतेला स्थिर तरंग तयार होतो आणि खोली जणू वाद्यासारखी वाजते. ध्वनीचा वेग भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट, ही ती वारंवारता. सरांच्या खोलीची लांबी बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर. उत्तर येते ४७ हर्ट्झ. रुंदीमुळे मिळते ५७ हर्ट्झ. त्यांच्या दुप्पट ९४ आणि ११३. न्हाणीघरात गाताना एखादाच स्वर एकाएकी भरदार होतो तो याच कारणाने. आपले न्हाणीघर लहान असल्यामुळे तिथे ही वारंवारता पुरुषाच्या आवाजाच्या पट्टीत येते इतकेच.

अशा स्थिर तरंगात भिंतीपाशी हवेच्या दाबातील चढउतार सर्वांत मोठा असतो आणि लांबीच्या मध्यावर, पहिल्या कंपनासाठी, जवळजवळ शून्य. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकत्र येतात, म्हणून तिथून खोलीची सगळीच कंपने चेतवली जातात. आता सरांच्या घरातील मांडणी आठवा. एक स्पीकर कोपऱ्यात, म्हणजे ही कंपने सर्वाधिक चेतवणाऱ्या जागी. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, म्हणजे ती सर्वाधिक ऐकू येणाऱ्या जागी. डग्गा घुमेल नाही तर काय!

कोपरा नेहमीच वाईट असतो असे मात्र नाही. अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात कोपऱ्यासाठीच बनवलेला स्पीकर विकायला आणला. त्यात खोलीच्या दोन भिंतीच कर्ण्याच्या तोंडाचे काम करतात. भिंतीचा उपयोग गृहीत धरून यंत्र बनवले तर ती मदत करते. उघड्या जागेसाठी बनवलेले यंत्र कोपऱ्यात टाकले तर तीच भिंत त्रास देते.

१९५४ साली मॅनफ्रेड श्रोडर यांनी, तेही गटिंगेनमध्येच, दाखवले की एका ठरावीक वारंवारतेच्या वर ही कंपने इतकी दाट होतात की एकेकट्याचे अस्तित्व जाणवत नाही. आपल्या घरांतील लहान खोल्यांत ही सीमा साधारण २००-२५० हर्ट्झच्या आसपास येते. तिच्याखाली जे ऐकू येते त्यावर स्पीकरच्या किमतीपेक्षा खोलीची हुकमत अधिक चालते.

भिंतीचा आणखी एक परिणाम १९७० च्या दशकात अमेरिकन अभियंते रॉय ॲलिसन यांनी लोकांच्या राहत्या घरांतील मोजमापांतून आणि गणितातून पुढे आणला. खालचे स्वर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, सर्व दिशांना पसरतात. मागे गेलेला तरंग भिंतीवरून परत येतो. स्पीकर भिंतीपासून एक मीटर असेल, तर परतलेला तरंग दोन मीटर अधिक चालून येतो. ज्याची अर्धी तरंगलांबी दोन मीटर, म्हणजे वारंवारता ८६ हर्ट्झ, त्या स्वराला तो नेमका विरोध करतो आणि तो स्वर खचतो. उलट, भिंतीच्या अगदी जवळ खालचे स्वर वाढतात. मोकळ्या जागेच्या मानाने एका पृष्ठभागाजवळ बाहेर पडणारी ध्वनिशक्ती दुप्पट, दोन पृष्ठभाग मिळतात तिथे चौपट आणि कोपऱ्यात आठपट. स्पीकरचा मोठा पडदा जमीन, मागची भिंत आणि बाजूची भिंत या तिन्हींपासून सारख्याच अंतरावर असेल, तर तिन्ही खड्डे एकाच वारंवारतेवर पडतात. म्हणून ही तीन अंतरे वेगवेगळी ठेवावीत.

डोळे उघडे असले की कान मिटतात

इतके सगळे माहीत असूनही लोक स्पीकर हलवण्याऐवजी नवा का विकत घेतात? याचे एक उत्तर फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांच्या १९९४ सालच्या प्रयोगात आहे. त्यांनी श्रोत्यांना काही स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर दिसतील असे ऐकवले, आणि स्पीकरच्या जागाही बदलल्या. पडद्याआड असताना जागा बदलली की श्रोत्यांचे गुणही बदलत. स्पीकर डोळ्यांना दिसू लागल्यावर मात्र मत त्यांच्या रूपाकडे आणि किमतीकडे झुके आणि जागेमुळे पडलेला फरक नजरेआड होई.

आपण करून पाहावे असे काही

वर्गात किंवा घरी यातले बरेच पडताळून पाहता येते. मोबाइलवर ठरावीक वारंवारतेचा नाद काढणारी ॲप मिळतात. फोनचा स्वतःचा स्पीकर खालचे स्वर काढू शकत नाही, म्हणून तो मोठ्या स्पीकरला जोडावा. स्पीकर कोपऱ्यात ठेवा. खोलीच्या लांबीवरून मुलांनी वारंवारता काढावी, ती बेताच्या आवाजात वाजवावी आणि सर्वांनी भिंतीपासून मध्यापर्यंत सावकाश चालावे. काही पावलांत आवाज फुगतो आणि विरतो. स्थिर तरंगात चालत जाण्याचा हा अनुभव फळ्यावरच्या आकृतीने येणार नाही.

दुसरा प्रयोग रॅले यांच्याच एका प्रमेयावर आधारलेला आहे. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो. मग स्पीकर हलवत बसण्यापेक्षा तो आपल्या खुर्चीवर ठेवावा, डग्ग्याची साथ असलेले गाणे लावावे आणि आपणच खोलीच्या कडेने, स्पीकरच्या उंचीवर कान धरून फिरावे. जिथे खालचे स्वर सारखे आणि स्वच्छ ऐकू येतील ती जागा स्पीकरसाठी योग्य.

तिसरा प्रयोग आरशाचा. श्रोत्याने खुर्चीत बसावे आणि मुलाने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसला की समजावे, वरच्या स्वरांचे पहिले परावर्तन इथूनच येते. तिथे पुस्तकांचे कपाट किंवा जाड पडदा असला तर फरक पडतो का ते ऐकावे.

सरांच्या घरी आम्ही याहून वेगळे काही केले नाही. दोन्ही स्पीकर आखूड भिंतीकडे, तिच्यापासून तीन फुटांवर, बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट, आणि कानाच्या उंचीला येतील अशा स्टुलांवर ठेवले. मधले अंतर सहा फूट. खुर्ची त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला आणल्यावर तिच्या मागे आपोआप पावणेचार फूट मोकळी जागा राहिली.

पण सरांचा पुढचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला. “म्हणजे आमच्या शाळेच्या सभागृहात मागच्या मुलांची चुळबूळ चाले, ती याचमुळे?” असणारच. लांब सभागृहात पुढे स्पीकर असतात आणि मदतीला मागेही एक जोडी लावलेली असते. मागच्या मुलाला जवळचा स्पीकर तीन मीटरवर, पुढचा वीस मीटरवर. सतरा मीटरच्या फरकाने पुढचा आवाज सुमारे ५० मिलिसेकंद उशिरा येतो आणि प्रत्येक शब्दावर त्याचीच सावली पडते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये निनाद दहा सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. तिथे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पार्किन आणि टेलर यांनी हास परिणामाचाच उपयोग केला. फिरत्या चुंबकीय चकतीवर आवाज नोंदवून तो मागच्या स्पीकरना मुद्दाम उशिराने दिला, म्हणजे पुढचा आवाज आधी पोचेल आणि मागचा त्याला नुसता आधार देईल. आपल्या उदाहरणात मागच्या स्पीकरला ६० मिलिसेकंदांचा उशीर दिला तर हे साधेल. आज साध्या डिजिटल मिक्सरमध्येही ही सोय असते. ती नसेल तर मागची जोडी बंद करून पुढचे स्पीकर कोपऱ्यांतून काढावेत, उंचावर ठेवून मुलांकडे वळवावेत आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसून ऐकावे.

शेवटच्या रांगेतल्या मुलाला शब्द कळला नाही तर आपण म्हणतो, त्याचे लक्ष नाही. तो मुलगाही तेच मानू लागतो, जसे सरांनी स्वतःचे कान गेले असे मानले. दोष माणसाला देण्याआधी स्पीकर एकदा हलवून पाहायला काय हरकत आहे?